शिरोरेखा गायब झाली की आधी पान वाचा: इंकजेट प्रिंटर आणि त्याची शाई

मार्चमध्ये, वार्षिक परीक्षेच्या आदल्या आठवड्यात, माझ्या प्रिंटरमधून निघालेल्या पानावर अक्षरांना शिरोरेखाच नव्हती. मी इंदूरला लोकमान्य नगरात घरीच संस्कृत आणि हिंदीच्या शिकवण्या घेते. देवनागरीत ‘ध’ आणि ‘घ’, ‘भ’ आणि ‘म’ यांतला फरक शिरोरेखा कुठे तुटते आणि कुठे जुळते यावर उभा असतो. ती रेघच गेली तर ‘धन’ आणि ‘घन’ मुलांनी ओळखायचे कसे? शाई संपत आली असेल असे समजून मी नवी बाटली आणली आणि टाकीत ओतली. पुढच्या पानावरही शिरोरेखा आली नाही. टाकीत शाई होतीच, शाई फेकणारे बारीक छिद्र, म्हणजे नोझल, बंद पडले होते. पानाने ते स्पष्ट सांगितले होते, पण त्याची भाषा मला तेव्हा येत नव्हती.

त्यानंतर या यंत्राचा मी नीट अभ्यास केला. शेजारपाजारचे, शिकवणीच्या मुलांच्या आईवडिलांचे, गणेशोत्सवात आरतीची पाने काढून देणाऱ्या मंडळींचे प्रिंटर हाताळले. त्यातून एक गोष्ट पक्की कळली, आणि तीच या लेखात सविस्तर सांगायची आहे. शाई विकत घेण्याआधी तीन गोष्टी पाहायच्या असतात: आपले पान काय सांगते, आपल्या प्रिंटरचे हेड, म्हणजे शाई फेकणारा भाग, कुठे बसवलेले आहे, आणि आपण महिन्याला किती छापतो. किमतीचा विचार त्यानंतर.

आत नेमके काय घडते

इंकजेट प्रिंटर कागदाला न शिवता छापतो. हेड नावाचा एक लहानसा भाग दांड्यावरून डावीकडून उजवीकडे आणि परत असा फिरतो. त्याच्या तळाशी बारीक छिद्रांच्या उभ्या रांगा असतात. हीच नोझल. एकेक छिद्र डोक्यावरच्या केसाच्या जाडीच्या तिसऱ्या-चौथ्या हिश्श्याएवढे. त्यातून शाईचे थेंब कागदावर फेकले जातात, हेडची एक फेरी झाली की कागद थोडा पुढे सरकतो आणि पुढची पट्टी छापली जाते.

हे थेंब पिकोलिटरमध्ये मोजतात. एक पिकोलिटर म्हणजे लिटरचा एक लाख कोटीवा भाग. पाच पिकोलिटरचा थेंब धरला तर एक मिलिलिटर शाईत असे वीस कोटी थेंब मावतात. एवढ्या बारीक वाटेने जाणाऱ्या द्रवात धुळीचा कण, वाळलेला कण किंवा हवेचा बुडबुडा आला तर काय होईल, हे वेगळे सांगायला नको.

थेंब फेकण्याच्या दोन रीती आहेत, आणि शाईची निवड समजायला त्या माहीत असाव्या लागतात.

पहिली रीत उष्णतेची. नोझलमागे एक इवलासा तापक असतो. विजेचा झटका मिळाला की तो सेकंदाच्या काही दशलक्षांश भागात सुमारे ३०० अंश सेल्सियसपर्यंत तापतो, शाईचा पातळ थर उकळून बुडबुडा फुगतो आणि तो पुढची शाई ढकलून थेंब बाहेर काढतो. १९७७ मध्ये कॅननच्या प्रयोगशाळेत इचिरो एंडो यांच्यासमोर तापलेली सोल्डरिंगची सळई शाई भरलेल्या सिरिंजच्या सुईला लागली आणि सुईतून शाई उडाली. त्या निरीक्षणातून कॅननचे बबल जेट तंत्र आकाराला आले. एचपीनेही साधारण त्याच सुमारास स्वतंत्रपणे हेच तत्त्व शोधले आणि १९८४ मध्ये थिंकजेट बाजारात आणला. घरगुती एचपी आणि कॅनन आजही याच रीतीने चालतात.

दुसरी रीत दाबाची. स्वयंपाकघरातला खटका दाबायचा गॅस लायटर आठवा. त्यात एका स्फटिकावर दाब पडतो आणि वीज निर्माण होऊन ठिणगी उडते. प्रिंटरमध्ये याच्या उलट घडते. स्फटिकाला वीज दिली की तो किंचित वाकतो आणि शाईला धक्का बसतो. याला पिझो म्हणतात. एप्सन आणि ब्रदर यांचे इंकजेट असे चालतात. यात शाई तापवली जात नाही.

यातून दोन व्यवहारी गोष्टी निघतात. उष्णतेवर चालणाऱ्या हेडला शाईच थंड ठेवत असते. शाई संपल्यावरही छापत राहिलात तर तापक कोरडा तापून जळतो. शिवाय अयोग्य शाई तापकावर करपून त्याचा थर बसतो. जपानीत करपण्याला ‘कोगे’ म्हणतात, त्यावरून या दोषाचे नावच कोगेशन पडले आहे. पिझोच्या हेडला करपण्याची भीती नाही, पण हवेची फार आहे. नळीत बुडबुडा अडकला की स्फटिकाचा धक्का तो बुडबुडाच गिळतो आणि थेंब बाहेर पडत नाही.

पायरी पहिली: पान वाचा

दुकानात जाण्याआधी नोझल चेक काढा. संगणकावर प्रिंटरच्या सेटिंगमध्ये मेन्टेनन्स नावाच्या भागात तो असतो. बऱ्याच प्रिंटरवर एखादे बटण दाबून ठेवूनही निघतो. त्यात चारही रंगांच्या बारीक रेघांची जाळी छापली जाते: निळसर सायन, गुलाबीसर मॅजेंटा, पिवळा आणि काळा. जिथे रेघ तुटली तिथले नोझल बंद. पिवळी जाळी पांढऱ्या कागदावर दिसत नाही, ती दिवसाच्या उजेडात कागद तिरपा धरून पाहा.

आपल्याला देवनागरी छापायची असल्यामुळे आणखी एक सोय आहे. हेड आडवे फिरते आणि नोझल उभ्या रांगेत असतात, म्हणून एखादे नोझल बंद पडले की पानावर आडवी पांढरी रेघ उमटते. ही रेघ नेमकी शिरोरेखेवर आली तर शिरोरेखा पातळ होते, कधी पूर्ण जाते. ड्राफ्ट दर्जावर, म्हणजे झटपट छपाईच्या सेटिंगवर, छापताना हे लवकर दिसते, कारण त्यात हेड एकाच फेरीत पट्टी उरकते. चांगल्या दर्जावर तीच जागा दुसऱ्या नोझलने भरून निघते आणि दोष झाकला जातो. तेव्हा तपासणीचे पान मुद्दाम ड्राफ्टवर काढा.

आता काना आणि अक्षरांचे दंड पाहा. त्या उभ्या रेघा दुहेरी किंवा दातेरी दिसत असतील तर नोझल ठीक आहेत. हेड जातानाचे आणि परततानाचे थेंब एका जागी पडत नाहीत, एवढाच तो दोष. हेड अलाइनमेंट केले की जातो. त्यासाठी शाई विकत घेणे म्हणजे पैसे वाया.

मग अनुस्वार पाहा. टिंब पसरून वेलांटीला किंवा मात्रेला चिकटत असेल तर कागद पातळ आहे किंवा शाईला साजेसा नाही. ६०-७० जीएसएमच्या (जीएसएम हे कागदाच्या वजनाचे माप) कागदावर माझ्याकडे असे हमखास होते, ७५ किंवा ८०चा कागद घेतला की टिंब टिंबासारखे राहते.

तिन्ही गोष्टी ठीक आणि तरी संपूर्ण पान सारखे फिके असेल, तर शाईची पातळी पाहण्याची वेळ आली. टाकी पारदर्शक असेल तर डोळ्यांनी पाहा. कार्ट्रिजच्या, म्हणजे बदलायच्या शाईच्या ठोकळ्याच्या, बाबतीत पडद्यावर दिसणारी पातळी बहुतेक वेळा छापलेल्या थेंबांच्या हिशोबावरून काढलेला अंदाज असतो. म्हणून ‘शाई कमी आहे’ असा संदेश आला तरी पान चांगले निघत असेल तोवर घाई करू नका. पान फिके पडू लागले की मात्र थांबा. त्याचे कारण वर सांगितलेच आहे.

पायरी दुसरी: हेड कुठे आहे ते पाहा

झाकण उघडा. दोन लहान ठोकळ्यांसारखी कार्ट्रिजे दिसली, एक काळे आणि एक तिरंगी, तर त्यातले एक काढून उलटे करा. तळाशी चकचकीत लहान पट्टी आणि एका बाजूला तांब्याचे ठिपके दिसले की समजा, हेड कार्ट्रिजमध्येच आहे. एचपी ८०३, एचपी ६८०, कॅननचे पीजी-७४५ आणि सीएल-७४६ ही अशीच. यात कार्ट्रिज बदलले की हेडही नवे मिळते. ते महाग असण्याचे एक कारण तेच. त्या पट्टीला आणि ठिपक्यांना बोट लावू नका.

बाजूला पारदर्शक टाक्या आणि तिथून हेडकडे जाणाऱ्या बारीक नळ्या दिसल्या तर तो टाकीचा प्रिंटर. त्यातही फरक आहे. एप्सनच्या एल मालिकेत पिझोचे हेड यंत्रात कायमचे बसवलेले असते. कॅननच्या जी मालिकेत हेड उष्णतेचे आहे आणि काढून नवे बसवता येते. कायमचे हेड बिघडले तर सर्व्हिस सेंटरखेरीज मार्ग नाही, आणि त्या खर्चात कित्येकदा नव्या प्रिंटरची निम्मी किंमत जाते. माझे तसे एक हेड गेले आहे. एका दुकानात मला सांगितले होते, “मैडम, स्याही सब एक ही होती है, ये वाली डाल लो।” बाटलीमागे दोन-अडीचशे रुपये वाचले. पाच महिन्यांत हेड गेले.

म्हणून माझे मत ठाम आहे. हेड कायमचे असेल तर शाईत काटकसर करू नका. टाकीच्या प्रिंटरची मूळ शाईसुद्धा पानामागे काही पैशांतच पडते, तेवढ्यासाठी हजारोंचे हेड पणाला लावण्यात अर्थ नाही.

पायरी तिसरी: डाय की पिगमेंट

शाईत बहुतांश पाणीच असते. नोझलमध्ये ती चटकन वाळू नये म्हणून ग्लायकॉलसारखे ओलावा धरून ठेवणारे द्रव असतात, थेंब नीट सुटावा म्हणून पृष्ठताण कमी करणारे द्रव्य असते, बुरशी धरू नये म्हणून औषध असते. आणि रंग असतो. रंग कसा आहे, यावर शाईचे दोन प्रकार पडतात.

डाय शाईत रंग पाण्यात पूर्ण विरघळलेला असतो, साखर विरघळावी तसा. ती कागदाच्या धाग्यांत शिरते. फोटो पेपरवर रंग उजळ, झळझळीत येतात. पण पाणी लागले की पसरते आणि उन्हात विटते.

पिगमेंट शाईत रंगाचे अतिसूक्ष्म कण पाण्यात तरंगत असतात, हळद पाण्यात कालवल्यासारखे, फक्त कितीतरी पटीने बारीक. ते कागदाच्या पृष्ठभागावर राहतात. साध्या कागदावर अक्षर काळेभोर आणि रेखीव उमटते, पाण्याला टिकते, उन्हालाही जास्त दिवस टिकते. मात्र चकचकीत फोटो पेपरवर काळा पिगमेंट नीट बसत नाही, बोट लागले की पुसतो.

मला हा फरक आरतीच्या पानांनी शिकवला. एका वर्षी मंडळासाठी डाय शाईत आरत्यांची पाने काढली. तीर्थाचे ओले हात, अभिषेकाचे पाणी, वर भाद्रपदातला पाऊस. तिसऱ्या दिवशी ‘सुखकर्ता’च्या ओळी निळसर डाग झाल्या होत्या. पुढच्या वर्षी काळ्या पिगमेंटवर काढली, ती अनंत चतुर्दशीपर्यंत वाचता आली.

बरेच उत्पादक म्हणूनच काळा पिगमेंट आणि रंग डाय अशी जोडी देतात. कॅननच्या जीआय-७९० संचात तसेच आहे: काळी १३५ मिलिलिटरची पिगमेंट, रंगीत ७० मिलिलिटरच्या डाय. एप्सनच्या ००१ मध्येही काळी पिगमेंट आहे. एप्सनच्या ६६४ मध्ये मात्र चारही डाय. तेव्हा नवा प्रिंटर घेतानाच विचारा, काळी शाई कोणती? मुख्यतः मजकूर छापायचा असेल, दाखले, अर्ज, प्रश्नपत्रिका, तर काळी पिगमेंट असलेलाच घ्या. फोटो जास्त असतील तर चारही डाय चालतील.

पिगमेंट काळी असलेल्या प्रिंटरवर फोटो काढताना कागदाचा प्रकार ‘फोटो पेपर’ असाच निवडा. मग प्रिंटर बहुधा काळी शाई बाजूला ठेवून तिन्ही रंगांच्या मिश्रणातून काळा तयार करतो. हे एक सेटिंग विसरल्यामुळे फुकट गेलेले फोटो मी अनेकांकडे पाहिले आहेत.

आणि डायच्या टाकीत पिगमेंट किंवा पिगमेंटच्या टाकीत डाय कधीही ओतू नका. दोन्ही शाया एकमेकींत गुठळ्या धरू शकतात, आणि त्या नळीत किंवा हेडमध्ये बसल्या की निघणे कठीण. कॉफीच्या मगांवर आणि टी-शर्टवर छापण्यासाठी सब्लिमेशन नावाची तिसरीच शाई मिळते. ती ज्या प्रिंटरमध्ये घालाल तो त्याच कामाला वाहिलेला ठेवा.

पायरी चौथी: मूळ, कंपॅटिबल की रिफिल

मूळ म्हणजे प्रिंटरच्याच कंपनीची. कंपॅटिबल म्हणजे दुसऱ्याने त्या नमुन्यासाठी बनवलेली. रिफिल म्हणजे रिकाम्या कार्ट्रिजमध्ये सिरिंजने भरलेली. चौथा प्रकार नकली, मूळच्या खोक्यात दुसरेच काहीतरी. कंपॅटिबल विकणारा खरे सांगून विकतो, नकली विकणारा फसवतो. दोघांना एका पंक्तीत बसवू नये.

आधी हिशोब करा. बाटलीवर किंवा खोक्यावर किती पाने निघतील ते लिहिलेले असते. किंमत भागिले पाने, एवढेच गणित. समजा कार्ट्रिज ९०० रुपयांचे आणि १५० पानांचे, तर पानाला ६ रुपये. समजा बाटली ४५० रुपयांची आणि ४५०० पानांची, तर पानाला १० पैसे. मात्र छापलेला आकडा आयएसओच्या ठरलेल्या नमुना-पानांवर, सलग छापून काढलेला असतो. आपण दोन पाने आज, तीन पुढच्या आठवड्यात अशी काढतो. मध्ये हेडच्या सफाईत शाई जाते आणि प्रत्यक्षात पाने कमी निघतात. नव्या टाकीच्या प्रिंटरमध्ये पहिल्या खेपेला बरीच शाई नळ्या भरण्यातच जाते. पहिल्या संचाची पाने कमी निघाली म्हणून दुकानदाराशी भांडू नका.

आता निवड.

महिन्याला दहा-पंधरा पाने छापत असाल, तर टाकीचा प्रिंटर घेऊ नका. तो वापराविना वाळेल. हेड असलेल्या कार्ट्रिजचा घ्या, वाळले तर फार तर कार्ट्रिज जाईल. फक्त काळे छापायचे असेल तर लेझर त्याहून बरा, त्याची पावडर वाळायचा प्रश्नच नाही. लेझरला वीज मात्र जास्त लागते. इंकजेट छापताना दहा-पंधरा वॅटवर भागवतो, लेझरला कित्येक शे वॅट लागतात आणि घरच्या छोट्या इन्व्हर्टरवर तो लावू नये.

कार्ट्रिजच्या प्रिंटरमध्ये रिफिल करून पाहायला हरकत नाही. त्यातले हेड दोन-चार भरण्यांनंतर थकते, पण तोवर पैसे वाचतात आणि धोका त्या कार्ट्रिजपुरताच राहतो. भरायचे तर कार्ट्रिज पूर्ण कोरडे होण्याआधी, फिके पडू लागताच. तिरंगी कार्ट्रिजमध्ये तीन कप्पे असतात. कोणता रंग कोणत्या भोकात, हे आधी टूथपिक बुडवून पाहा. एक रंग दुसऱ्यात गेला की कार्ट्रिज कामातून गेले. काही प्रिंटर चिप तपासतात. काही एचपी प्रिंटर फर्मवेअर (प्रिंटरच्या आतले सॉफ्टवेअर) बदलल्यावर परक्या चिपचे कार्ट्रिज नाकारतात, तेव्हा कंपॅटिबल घेताना चालले नाही तर परत घेणार का, हे आधी ठरवून घ्या.

टाकी आणि कायमचे हेड असेल तर मूळ शाईच. वॉरंटी चालू असेल तर त्यावर चर्चाही नको.

पायरी पाचवी: खरेदी

इंदूरला संगणकाचे सामान म्हटले की बहुतेकांची पावले आरएनटी मार्गावरच्या सिल्व्हर मॉलकडे वळतात. कुठूनही घ्या, पण जाताना मोबाइलमध्ये दोन फोटो काढून न्या: प्रिंटरवरचे मॉडेलचे नाव आणि जुन्या बाटलीचा किंवा कार्ट्रिजचा क्रमांक. ‘एप्सनची काळी द्या’ एवढ्याने काम भागत नाही. ६६४ आणि ००३ दोन्ही एप्सनच्याच, पण वेगवेगळ्या मॉडेलांसाठी.

हातात घेतल्यावर खोक्याची शिक्कामोर्तब पट्टी, बाटलीच्या झाकणाखालचे सील आणि मुदतीची तारीख पाहा. छपाई अंधुक, शब्दांत चुका, किंमत नेहमीपेक्षा फार कमी, यातले काहीही दिसले तर ठेवून द्या. पक्के बिल घ्या. स्वस्त मिळते म्हणून वर्षाची शाई भरून ठेवू नका.

पायरी सहावी: भरताना

प्रिंटर सपाट जागी ठेवा, खाली जुने वर्तमानपत्र पसरा. टाकीवर दोन खुणा असतात. खालच्या खुणेच्या खाली शाई जाऊ द्यायची नाही, गेली की नळीत हवा शिरते. वरच्या खुणेच्या वर भरायची नाही. एका वेळी एकच टाकी उघडा, भरा, बुच घट्ट लावा, मग पुढची. चारही बुचे एकदम उघडून ठेवली की शेजारच्या वहिनींसारखे होते. त्यांनी मॅजेंटा पिवळ्यात ओतली.

त्यांना मी जे सांगितले तेच इथे सांगते. चुकीचा रंग ओतला गेला तर छापू नका, सफाईही चालवू नका. शाई अजून टाकीतच आहे, नळीत गेलेली नाही. सिरिंजला बारीक नळी लावून टाकी रिकामी करा, योग्य रंग थोडा भरून पुन्हा उपसा, मग भरा. त्यांचा प्रिंटर वाचला.

भरून झाल्यावर बाटलीवर आणि टाकीजवळ चिकटपट्टीवर तारीख लिहा. किती शाई किती दिवसांत गेली ते कळते, आणि गळती असेल तर तीही लक्षात येते. शाई भरलेला प्रिंटर आडवा किंवा तिरपा करून नेऊ नका.

नोझल बंद पडले तर

कायमच्या हेडसाठी: नोझल चेक काढा, एकदा हेड क्लीनिंग चालवा, पुन्हा नोझल चेक. असे जास्तीत जास्त तीनदा. तरी सुटले नाही तर बटणाने बंद करून बारा तास ठेवा. या विश्रांतीत बुडबुडे वर सरकतात, वाळलेली शाई मऊ होते. दुसऱ्या दिवशी पुन्हा एकदा. माझ्या परीक्षेच्या आठवड्यातली शिरोरेखा अशीच रात्रभराने परतली. त्यानंतरचा उपाय पॉवर क्लीनिंग. ते नळ्यांतली सगळी शाई उपसते, म्हणून सर्व टाक्या निदान एक तृतीयांश भरलेल्या हव्यात. उठसूट करायचे ते काम नव्हे.

सफाईत गेलेली शाई कुठे जाते, हे फार थोड्यांना माहीत असते. प्रिंटरच्या तळाशी ती शोषून घेणारा पॅड असतो आणि यंत्र त्याचा हिशोब ठेवते. पॅड भरला असे यंत्राला वाटले की ते छापणे थांबवते. काही नव्या मॉडेलांत तो डबा आपल्याला बदलता येतो, बाकीच्यांत सर्व्हिस सेंटरला न्यावे लागते. इंटरनेटवर नुसता आकडा शून्य करून देणारी सॉफ्टवेअर मिळतात, पण पॅड ओलाच राहतो आणि एक दिवस टेबलावर शाई सांडते. आकडा शून्य करायचा तर पॅडही बदला.

कार्ट्रिजमधल्या हेडसाठी उपाय सोपा. टिश्यू पेपरची घडी कोमट डिस्टिल्ड पाण्यात भिजवून पिळा, त्यावर कार्ट्रिज नोझलच्या बाजूने दोन-तीन मिनिटे टेकवून ठेवा, मग कोरड्या टिश्यूवर नुसते टिपा. रंगाचा स्पष्ट ठसा उमटला की वाट मोकळी. घासू नका, तांब्याचे ठिपके कोरडे ठेवा. बोअरिंगचे पाणी वापरू नका. आपल्याकडच्या बोअरच्या पाण्याने बादलीवर पांढरा थर बसतो, तोच थर नोझलमध्ये बसेल. इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालायचे डिस्टिल्ड पाणी घरात असतेच, ते घ्या.

इंदूरचा उन्हाळा, गेलेली लाइट आणि सुट्टी

प्रिंटर नेहमी त्याच्याच बटणाने बंद करा, भिंतीवरच्या स्विचने नव्हे. बटण दाबल्यावर हेड उजव्या कोपऱ्यात जाऊन रबराच्या टोपीवर बसते आणि नोझल झाकले जातात. स्विच थेट बंद केला तर हेड वाटेत उघडेच राहू शकते. छापता छापता लाइट गेली तरी तेच. आल्याबरोबर प्रिंटर चालू करा, हेड जागेवर जाऊ द्या, मग बटणाने बंद करा. माझ्या पाहण्यात हेड वाळण्याचे सर्वांत मोठे कारण स्वस्त शाईपेक्षाही भिंतीवरचा स्विच आहे.

एप्रिल-मेमध्ये माळव्याची कोरडी लू चालू झाली की नोझल फार लवकर वाळतात. प्रिंटर खिडकीतून, पंख्याच्या थेट झोतातून हलवा. कूलरच्या तोंडासमोरही नको, तिथे कागद दमट होऊन अडकतो. पावसाळ्यात कागदाचे रिम उघडे टाकू नका, प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ठेवा.

आठवड्यातून एकदा चारही रंग लागतील असे एक पान काढा. मी दर रविवारी एक पान काढते, वर ‘ध घ भ म’ आणि खाली चार रंगांच्या पट्ट्या. काळ्याच अक्षरांचे पान काढले तर रंगीत नोझल तसेच पडून राहतात.

मेच्या सुट्टीत तीन आठवडे पुण्याला जायचे असेल, तर निघायच्या आदल्या दिवशी टाक्या खालच्या खुणेच्या बऱ्याच वर आहेत ना ते पाहा, एक रंगीत पान काढा, बटणाने बंद करा, दिवा विझेपर्यंत थांबा, मगच प्लग काढा आणि वर सुती कापड टाका. परतल्यावर पहिले पान नोझल चेकचे.